गाडी मागितली तर

(मंडळाच्या मासिक सभेत आम्ही दोघांनी मिळून तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम समितीला आम्ही हा विषय कळवला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, "यावर अर्धा तास काय बोलणार? द्यायची असेल तर द्यावी, नसेल तर नाही म्हणावं." नाही म्हणणं इतकं सोपं असतं तर आम्हीही घरी बसलो असतो. पण या सभागृहात असा एक तरी गाडीवाला दाखवा, ज्याने तोंडाने "अहो, न्या की, त्यात काय!" म्हणत मनात गणपतीला साकडं घातलं नाही.

आम्ही दोघं नवराबायको. एकाची सगळी नोकरी विमा कंपनीत, मोटार-दाव्यांच्या टेबलावर झाली. दुसरीने त्याच काळात घर सांभाळलं आणि घराबरोबर नातीगोतीही. त्यामुळे एकाला कागद कळतात, दुसरीला माणसं. घरी सात जणांची गाडी आहे, म्हणून मागणारेही आहेत. जिथे आमचं दोघांचं एकमत नाही तिथे तसं सरळ सांगू.

मागून आणणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वाड्यात लग्न निघालं की पातेली, पराती, घंगाळं गल्लीतल्या घरांतून गोळा व्हायची. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना एकाची बैलगाडी आणि दुसऱ्याची बैलजोडी, असा मेळ बसायचा. सायकल तर विचारायचीही पद्धत नव्हती. भिंतीला टेकलेली दिसली की "नेतो हं" म्हणून ओरडायचं आणि निघायचं. भांड्यांवर मात्र नाव घातलेलं असे. गर्दीत कुणाचं पातेलं कुठंही गेलं तरी नाव वाचून ते परत यायचं.

गाडीवरही नाव घातलेलं असतं. 'केए २२' आणि पुढचे आकडे, म्हणजे तुमचं नाव. गाडी चोर्ला घाटात असो नाहीतर आंबोलीत, कॅमेरा ते नाव वाचतो, पोलीस वाचतो, न्यायालय वाचतं. पातेल्यावरच्या नावामुळे पातेलं परत येत होतं. गाडीवरच्या नावामुळे गाडीने केलेलं सगळं काही तुमच्या दारात परत येतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, ही त्यातली साधी समजूत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात तर असंही म्हटलं, की गाडी विकली पण कागदावर नाव बदललं नाही, तर अपघाताची जबाबदारी कागदावरच्या नावाचीच. विकलेल्या गाडीचं हे असेल, तर दोन दिवसांसाठी दिलेल्या गाडीचं काय ते वेगळं सांगायला नको.

परवाना नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मालकाला वेगळी शिक्षा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण फारच वर जातं. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. लग्नघरात "जरा केळीचे खुंट घेऊन ये रे" म्हणून भाच्याच्या हातात दुसऱ्याच्या गाडीची किल्ली देणारे मामा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या भाच्यालाही पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

म्हणून आमच्या घरी पहिला नियम असा, की मित्र कितीही जुना असो, परवाना पाहायचा. एकाच वर्गात शिकलेल्या, चाळीस वर्षांच्या मित्राला "परवाना दाखव" म्हणणं अवघड जातं, हे कबूल. पण चाळीस वर्षांच्या मित्राचा परवाना संपलेला असण्याचीच शक्यता जास्त. न्यायालयांनी यात मालकाला एक आधार दिला आहे. मालकाने परवाना पाहिला, तो दिसायला बरोबर होता, एवढी काळजी घेतली असेल तर पुढे तो खोटा निघाला तरी मालकाने मुद्दाम नियम मोडला असं सहसा धरत नाहीत. न पाहता दिली, आणि परवानाच नव्हता, तर विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला येते. मोटार-दाव्यांच्या टेबलावर या वसुलीच्या नोटिशी ज्याने पाहिल्या आहेत, तो मित्राचा परवाना न लाजता मागतो. आता तर मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये तो दाखवता येतो. आम्ही विनोदाने मागतो, "फोटो कसा आलाय बघू." तेवढ्यात तारीखही दिसते.

आता पैशांचं. चांगला मित्र असतो तो म्हणतो, "अण्णा, फुकट नको. दिवसाला हजार धर." आणि आपल्याला वाटतं, किती सरळ माणूस! इथेच सावध राहायचं. खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'भाड्याने वापर' चालत नाही असं छापलेलं असतं. पेट्रोल भरून आणणं वेगळं, टोल देणं वेगळं, आणि गाडीच्या वापराचे पैसे घेणं वेगळं. ते पैसे घेतलेत हे अपघातानंतर बाहेर आलं, तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते, आणि परवान्याशिवाय भाड्याने गाडी चालवल्याचा गुन्हा होतो तो निराळाच. गोव्यात भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ती उगीच नाही. पांढऱ्या पाटीची गाडी 'मित्राची' म्हणून पैसे घेऊन फिरवणाऱ्यांवर तिथे नजर असते. आपल्यातला जो मित्र चोख हिशेबाचा आहे त्याला हे समजावून सांगावं लागतं, की बाबा, तुझा चांगुलपणा इथे आपल्या दोघांना बाधेल. टाकी भर आणि मिठाई आण. मिठाईवर कुणाची हरकत नाही.

विम्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आम्हाला दिसला तो 'फुल इन्शुरन्स' या दोन शब्दांत. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी कार घेताना तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे मालक म्हणतो, माझा तीन वर्षांचा विमा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एका वर्षाचाच असतो आणि तो गपचूप संपलेला असतो. दुसरं, फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर तुमच्याच गाडीत बसलेल्या माणसांचा त्यात समावेश नसतो. मित्राच्या कुटुंबातली पाच माणसं तुमच्या गाडीत बसून निघतात तेव्हा त्यांना हे ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा तुम्हालाही नसतं. पॅकेज पॉलिसीत ती माणसं येतात. जुन्या गाड्यांना लोक पैसे वाचवायला फक्त तृतीय पक्षाचा विमा काढतात. तशी गाडी स्वतः जपून चालवायला ठीक आहे, पण ती दुसऱ्याला देऊ नये असं आमचं दोघांचं स्पष्ट मत आहे.

खरचटणं, पोचे, लोक ज्याला सर्वांत जास्त घाबरतात, त्याला आम्ही फार वेळ देत नाही. दावा केला तर 'नो क्लेम बोनस' जातो, जो पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. म्हणून छोटा पोचा असेल तर मित्राने खर्च द्यावा आणि विषय संपवावा. हे आधीच बोलून ठेवलं की दोघांनाही सोपं जातं.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि तीच सांगायला आम्ही आज उभे आहोत.

बागलकोट जिल्ह्यातलं इलकल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्या आज्यांच्या इरकल लुगड्यांचं गाव. तिथून एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला. पुढे लोखंडी पत्रे घेऊन जाणारी बैलगाडी होती. ती अचानक थांबली. मोटारसायकल तिच्यावर आदळली आणि तो माणूस गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीवर दावा केला. चूक कुणाची हे सिद्ध न करता भरपाई मिळण्याचं १६३-अ हे कलम तेव्हा कायद्यात होतं, त्याखाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ साली न्यायालयाने सांगितलं, की मागून नेलेली गाडी चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो. मालक स्वतःच्याच गाडीच्या विम्यातून स्वतःला त्या कलमाखाली भरपाई मागू शकत नाही, म्हणून मागून नेणाऱ्याचे वारसही मागू शकत नाहीत. २०२० साली न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडलं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तुमच्या गाडीचा धक्का लागला तर त्याच्यासाठी विमा आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर मागच्या सीटवर बसलेल्या मित्राच्या बायकोसाठी आहे. समोरच्या दुसऱ्या मोटारीची चूक असेल तर तिच्या विम्यावर दावा लागतो. पण समोर बैलगाडी असेल, झाड असेल, धुक्यात चोर्ल्याचं वळण चुकलं असेल, तर ज्या मित्रासाठी आपण एवढ्या प्रेमाने किल्ली काढून दिली, नेमका तोच माणूस या सगळ्यातून बाहेर राहतो. पॉलिसीत पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो 'मालक-चालका'चा. मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा. मित्राचा नाही.

आम्ही हे सांगतो तेव्हा लोक गप्प होतात. गाडी देताना आपण गाडीची काळजी करत असतो. बंपर, क्लच, सीटवर सांडलेली कॉफी. ज्याची करायला हवी त्याची करतच नाही.

यात आमच्यात मतभेद आहे. आमच्यातल्या एकाला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो, कारण विमा हा करार आहे आणि करारात जे लिहिलं नाही ते न्यायालय कुठून आणणार? दुसरीला वाटतं, की ज्या देशात निम्म्या मोटारसायकली मागून नेलेल्या असतात तिथे हा नियम गरिबाच्या बायकोवरच येऊन पडतो. यावर आमचं घरी अनेकदा झालं आहे, आणि मिटलेलं नाही.

पण उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. गाडीबरोबर न फिरता माणसाबरोबर फिरणारा विमा असतो, तो मित्राकडे असला पाहिजे. बँकेत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण देते, अठरा ते सत्तर वयापर्यंत. दोन लाख म्हणजे फार नाहीत. ज्याच्यावर घर चालतं त्याने मोठा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा. आपल्या गाडीच्या पॉलिसीतही प्रवाशांसाठी जादा भाग घेता येतो. मात्र मालकाऐवजी दुसरा कुणी चालवत असेल तर तो त्यात धरला जातो का, हे एजंटाला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. तोंडी "हो हो, सगळं येतं" याला टेबलावर काही किंमत नसते.

टेबलावरचीच एक गोष्ट. अपघात झाल्यावर दाव्याच्या अर्जात प्रश्न असतो : गाडी कोण चालवत होतं? इथे मैत्रीची परीक्षा लागते. एका प्रकरणात चालवणाऱ्या मित्राचा परवाना संपलेला होता. तो रात्री मालकाच्या घरी आला आणि म्हणाला, "तू चालवत होतास असं लिही, तुझं काय जातंय?" दोघांच्या बायका त्या वेळी एकाच भिशीत. मालकाने तसं लिहिलं. दुखापतीचे कागद, टोलची वेळ, मालकाच्या कचेरीतली हजेरी यांतून ते आठवड्याभरात उघडं पडलं. दावा गेला, आणि खोटं विधान केल्याचं बालंट मालकाच्या माथी आलं. ते दोघं अजूनही याच शहरात राहतात. भिशी मात्र मोडली. किल्ली देण्याआधीच आम्ही सांगून ठेवतो, "काहीही झालं तरी जे घडलं तेच लिहायचं." हसत सांगतो, पण सांगतो.

फास्टॅगचं एक जाताजाता. पैसे मालकाच्या खात्यातून जातात, ते किरकोळ. पण संदेशही मालकालाच येतात. आमचे एक स्नेही अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून गाडी घेऊन गेले. हत्तरगीचा संदेश आला, कोगनोळीचा आला, आम्ही म्हटलं पोचले. थोड्या वेळाने किणीचा आला. किणी कोल्हापूरच्या पुढे. म्हणजे मंडळी पुण्याच्या रस्त्याला लागली होती. परतल्यावर प्रसाद दिला, पुण्याचं नाव नाही. आम्हीही काढलं नाही. पुढच्या वेळी गाडी मागितली तेव्हा आम्ही एवढंच म्हटलं, "या वेळी किणीच्या पुढे जाणार असाल तर टायर बदलून घेऊ, जुने झालेत." ते क्षणभर थांबले आणि मग मोठ्याने हसले. मुलीचं स्थळ बघायला गेले होते, ठरेपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. तेव्हा लपवण्यामागे कारण वाईटच असेल असं नाही. पण लांबचा रस्ता, रात्रीचा प्रवास, हे मालकाला माहीत हवं. कुठे जाणार आणि कोण चालवणार, हे दोन प्रश्न विचारण्यात संशय नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मित्राला दिलेली गाडी मित्राचा मेव्हणा चालवतो, मेव्हण्याचा मित्र चालवतो. परवाना आपण मित्राचा पाहिलेला असतो. म्हणून "किल्ली तुझ्या हातातून जाऊ देऊ नकोस" हे शब्द आम्ही वापरतो. हे शब्द ज्याला झोंबतात त्याला गाडी देत नाही. परवाना, विमा, कोण चालवणार, काही झालं तर काय, एवढं ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं त्याला आम्ही गाडी आजही देतो, आणि आनंदाने देतो. ज्याच्याशी हे बोलताना जीभ अडखळते त्याला नाही. जुना-नवा, जवळचा-लांबचा, हा भेद आम्ही सोडून दिला आहे.

राहिलं नाही म्हणण्याचं. "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय" हे आपल्या शहरात चालत नाही. शहर लहान आहे, त्याच संध्याकाळी तीच गाडी चन्नम्मा चौकात सिग्नलला त्याच माणसाच्या शेजारी उभी राहते. आम्ही सरळ म्हणतो, "गाडी देत नाही, पण आम्ही घेऊन येतो." लग्नाला, दवाखान्यात, स्टेशनवर. निम्म्या वेळा लोकांना तेच हवं असतं. रात्री अपरात्री केएलईत न्यायची वेळ आली तर प्रश्न विचारायचे नाहीत, स्वतः चालवायला बसायचं. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी स्टिअरिंगवर बसवणं हीच खरी चूक.

दिवसाच्या पगारावरचा ड्रायव्हर देऊन गाडी पाठवावी का, यावरही आमचं एकमत नाही. एक म्हणतो, हा सर्वांत सुरक्षित मार्ग, फक्त पगारी ड्रायव्हरसाठीचा जादा भाग पॉलिसीत घेतलेला असावा. दुसरी म्हणते, माणसाला वाटतं आपल्यावर विश्वास नाही म्हणून पहारेकरी पाठवलाय, आणि गाडीत मोकळं बोलताही येत नाही. गेल्या वेळी ड्रायव्हर पाठवला तेव्हा त्या मंडळींनी परत आल्यावर सांगितलं, की गाडीपेक्षा ड्रायव्हरच फार आवडला, त्याला सगळी चांगली हॉटेलं माहीत होती.

गौरी-गणपतीत माहेरवाशिणी आणायच्या असतात, कोकणात आणि गोव्यात जायचं असतं, त्या दिवसांत गाड्या सर्वांत जास्त मागितल्या जातात. तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. पॉलिसीचा कागद काढा आणि तीन गोष्टी पाहा. स्वतःच्या नुकसानीचा भाग कोणत्या तारखेला संपतो, 'ड्रायव्हर' या मथळ्याखाली काय लिहिलं आहे, आणि 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली काय. अक्षर बारीक असतं, चष्मा लागेल. ज्यांनी कागद बरोबर आणला असेल त्यांनी चहाच्या वेळी आमच्याकडे यावं, बसून पाहू.